झोकांड्या खाणारा उंदीर आणि रीलिनचे वेळापत्रक

'उंदरांच्या मेंदूत अमुक प्रथिन वाढले आणि त्यांची स्मरणशक्ती सुधारली.' अशी बातमी तुम्ही अधूनमधून वाचत असाल. व्हॉट्सॲपवर तर ती येतेच. मग पेशंट विचारतात, "डॉक्टर, हे प्रथिन वाढवायची गोळी मिळते का? मुलाला देऊ का?"

अशा वेळी मी आधी उलटे प्रश्न विचारतो. हे प्रथिन वाढले ते कोणत्या वयात? मेंदूच्या कोणत्या भागात? कोणत्या पेशींत? हे प्रश्न का महत्त्वाचे, ते समजून घ्यायला एका प्रथिनाचा इतिहास फार उपयोगी पडतो. त्याचे नाव रीलिन. ही गोष्ट एका उंदरापासून सुरू होते आणि शेवटी तुमच्या-माझ्या घरापर्यंत येते.

आधी एक छोटी गोष्ट समजून घ्या

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात. जनुक म्हणजे पाककृती आणि प्रथिन म्हणजे तयार पदार्थ. पुरणपोळीची कृती घरातल्या वहीत वर्षभर असते, पण पुरणपोळी होते ती होळीला किंवा सणावाराला. तसेच जनुक सगळीकडे असले, तरी त्यापासून प्रथिन कधी, कुठे आणि किती बनायचे हे ठरलेले असते. याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. मेंदूची घडण ही बरीचशी या वेळापत्रकाची गोष्ट आहे.

१९५१ : एडिंबरामधला उंदीर

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा येथे डग्लस फाल्कनर नावाचे आनुवंशिकी शास्त्रज्ञ उंदरांवर काम करत होते. तिथल्या उंदरांत काही पिल्ले वेगळी निघाली. जन्मल्यावर ती ठीक दिसायची, पण दोन-तीन आठवड्यांची होऊन चालू लागली की झोकांड्या खायची, थरथरायची, कलंडायची. फाल्कनर यांनी १९५१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव दिले 'रीलर', म्हणजे झोकांड्या खाणारा. हा दोष आईवडील दोघांकडून आला तरच दिसत होता. एकाकडूनच आला, तर उंदीर नीट चालत होता.

हा लेख ज्या 'जर्नल ऑफ जेनेटिक्स'मध्ये आला, त्याचे संपादक होते जे. बी. एस. हाल्डेन. पुढे १९५७ मध्ये हाल्डेन भारतात आले आणि ते नियतकालिकही त्यांच्याबरोबर आले. आज ते बेंगळुरूची इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस प्रकाशित करते.

मेंदूतली चाळ : उशिरा येणारे वरच्या मजल्यावर

रीलरच्या मेंदूत नेमके काय चुकले होते? ते कळायला आधी निरोगी मेंदू कसा बांधला जातो हे माहीत हवे होते. मेंदूच्या बाहेरच्या थराला कॉर्टेक्स म्हणतात. त्यात चेतापेशींचे सहा थर असतात. या पेशी जिथे राहतात तिथे जन्मत नाहीत. त्या आत खोलवर जन्मतात आणि मग बाहेरच्या दिशेने प्रवास करतात.

१९६१ मध्ये अमेरिकेत अँजेव्हिन आणि सिडमन या दोघांनी गाभण उंदरिणींना किरणोत्सारी थायमिडीन टोचले. जी पेशी त्या दिवशी विभागून जन्मते, तिच्या डीएनएमध्ये हे थायमिडीन जाऊन बसते. म्हणजे पेशीवर जणू जन्मतारखेचा शिक्काच बसतो. नंतर मेंदूचे काप घेऊन पाहिले, तर आधी जन्मलेल्या पेशी खालच्या थरांत आणि नंतर जन्मलेल्या वरच्या थरांत आढळल्या.

एखादी चाळ डोळ्यांसमोर आणा. पहिले बिऱ्हाड तळमजल्यावर राहायला येते. नंतरचे जिना चढून त्यांना ओलांडून पहिल्या मजल्यावर, त्यानंतरचे दुसऱ्यावर. कॉर्टेक्स असाच भरत जातो.

१९७३ मध्ये केव्हिनेस आणि सिडमन यांनी हीच तपासणी रीलर उंदरांत केली. पेशी जन्मत होत्या अगदी वेळेवर, चुकत होती ती फक्त त्यांची जागा. उशिरा आलेली बिऱ्हाडे आधीच्यांना ओलांडून वर जाऊच शकत नव्हती, ती खालीच अडकत होती. मजल्यांचा क्रम साधारण उलटा झाला होता. शिवाय तोल सांभाळणारा लहान मेंदू खुजा राहिला होता. झोकांड्यांचे मुख्य कारण ते.

मग वर जाणाऱ्यांना वाट दाखवणारे असे काय निरोगी उंदरात होते, जे रीलरमध्ये नव्हते?

१९९५ : दोन वाटांनी एकच उत्तर

अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या रोश इन्स्टिट्यूटमध्ये टॉम करन यांचा गट 'फॉस' नावाच्या वेगळ्याच जनुकावर काम करत होता. त्यासाठी त्यांनी उंदरांत बाहेरून एक जनुक घातले होते. त्यातल्या एका वंशातली पिल्ले रीलरसारखी चालू लागली! बाहेरून घातलेला तुकडा नेमका रीलरच्या जनुकात जाऊन घुसला होता आणि ते जनुक मोडले होते. घुसलेल्या तुकड्याचा माग काढत दार्कांजेलो, करन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ते जनुक शोधून काढले. त्यापासून बनणाऱ्या भल्यामोठ्या प्रथिनाचे नाव ठेवले रीलिन.

त्याच वर्षी जपानमधल्या ओगावा, मिकोशिबा आणि सहकाऱ्यांनी वेगळीच युक्ती काढली. रक्तगट निगेटिव्ह असलेल्या आईच्या शरीरात पॉझिटिव्ह बाळाचे रक्त गेले की तिचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे म्हणजे अँटीबॉडीज बनवते, हे तुम्ही ऐकले असेल. जी गोष्ट आपल्याकडे नाही, ती शरीराला परकी वाटते. जपानी गटाने हेच तत्त्व वापरले. त्यांनी रीलर उंदरांना निरोगी उंदरांच्या मेंदूचा अर्क टोचला. रीलरकडे जे नव्हते, त्याविरुद्ध त्यांच्या शरीराने प्रतिपिंडे बनवली. ही प्रतिपिंडे मेंदूच्या कापांवर टाकली तेव्हा ती चिकटली अगदी वरच्या थरातल्या मोजक्या पेशींना.

या पेशी जुन्या ओळखीच्या होत्या. स्पेनचे रामोन इ काहाल आणि स्वीडनचे रेट्झियस यांनी १८९० च्या दशकात त्यांचे वर्णन केले होते. त्यांना काहाल-रेट्झियस पेशी म्हणतात. त्या विकसित होणाऱ्या मेंदूत ठळक दिसतात आणि पुढे बहुतेक नाहीशा होतात, हे कोडे शंभर वर्षे पडून होते. आता कळले की चाळीच्या गच्चीवर बसून रीलिन सोडणाऱ्या पेशी त्याच. रीलिनचा संदेश 'वर या' असा असतो की 'इथे थांबा' असा, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. पण संदेश नसेल तर मजले चुकतात, यावर एकमत आहे.

१९९९ मध्ये डॅलसच्या योआखिम हेर्त्स यांच्या गटाने संदेश घेणारे दोन रिसेप्टर दाखवून दिले. त्यातल्या एकाचे नाव आहे व्हीएलडीएल रिसेप्टर. हो, तुमच्या लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टवर असतो तोच शब्द! दुसरा अपोई रिसेप्टर-२. हे दोन्ही नसलेली पिल्ले रीलरसारखीच निघाली. मात्र रिपोर्टवरचा व्हीएलडीएलचा आकडा पाहून मेंदूतल्या रीलिनचा अंदाज बांधू नका. दोन्हींचा तसा संबंध नाही.

एकच प्रथिन, वयाप्रमाणे वेगळे काम

आता मुख्य मुद्दा. उंदराचा गर्भकाळ साधारण १९-२० दिवसांचा असतो. त्यात रीलिन कधी आणि कुठे दिसते ते पाहा.

• दहाव्या-अकराव्या दिवसाच्या सुमारास कॉर्टेक्सच्या वरच्या थरात काहाल-रेट्झियस पेशी रीलिन बनवू लागतात. खालून पेशींचा प्रवास सुरू होण्याचीही हीच वेळ.

• जन्माच्या आसपासपर्यंत हे काम जोरात चालते.

• जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांत कॉर्टेक्समधल्या बहुतेक काहाल-रेट्झियस पेशी मरून जातात. बांधकाम संपले की परांची उतरवतात, तसे.

• पण रीलिन संपत नाही. ते आता कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पसमधल्या दुसऱ्याच पेशी बनवू लागतात. शेजारच्या पेशींना आवर घालणाऱ्या या चेतापेशी कॉर्टेक्समध्ये अनेक थरांत विखुरलेल्या असतात. एकूण प्रमाण जन्मकाळापेक्षा कमी होते.

आणि कामही बदलते. २००२ मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या कापांवरील प्रयोगांत दिसले की रीलिन दिल्यावर चेतापेशींमधले जोड जास्त बळकट होतात. शिकणे आणि लक्षात ठेवणे याच जोडांवर अवलंबून असते. म्हणजे गर्भात गवंड्यांचा मुकादम असलेले प्रथिन मोठेपणी घराची देखभाल करते.

म्हणूनच 'रीलिन कमी झाले' या वाक्याला वय आणि जागा सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही. गर्भात ते नसेल तर मजले चुकतात. तेच मूल मोठे झाल्यावर रीलिन देऊन चुकलेले मजले परत लावता येत नाहीत.

माणसांत काय दिसले?

२००० साली माणसांतही रीलिन जनुकातला दोष सापडला. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही दोष आलेल्या मुलांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या वळ्या कमी, पृष्ठभाग गुळगुळीत आणि लहान मेंदू फारच छोटा दिसला. या आजाराला लिसेन्सेफली म्हणतात. त्यात बाळाला झटके येतात, ते सैल असते आणि वाढीचे टप्पे फार मागे पडतात. लिसेन्सेफलीची इतरही जनुकीय कारणे आहेत. रीलिनचा हा प्रकार दुर्मीळ आहे.

२०१५ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत दोष असलेल्या काही कुटुंबांत मेंदूची रचना ठीक होती, पण मोठेपणी एक वेगळ्या प्रकारची फिट येत होती. तिची सुरुवात कानात आवाज ऐकू येण्याने होई.

उतारवयातलीही एक नोंद आहे. कोलंबियात एका मोठ्या कुटुंबसमूहात अल्झायमरचा आनुवंशिक दोष आहे. त्यामुळे साधारण ४४ व्या वर्षी विसरभोळेपणा सुरू होतो आणि ४९ च्या आसपास डिमेन्शिया. त्यातला एक माणूस मात्र ६७ व्या वर्षापर्यंत शाबूत राहिला. २०२३ मध्ये फ्रान्सिस्को लोपेरा आणि सहकाऱ्यांनी सांगितले की त्याच्या रीलिनमध्ये एक दुर्मीळ बदल होता आणि त्या बदलाने रीलिनचे काम वाढत होते. पण हा एका माणसाचा अनुभव आहे. त्यावरून औषध तयार झालेले नाही.

या इतिहासातून तुम्ही काय घ्यावे?

पहिली गोष्ट आयांसाठी, आणि त्यांच्या सासरच्या मंडळींसाठी. मेंदूच्या घडणीत दोष असलेले मूल जन्माला आले की आपल्याकडे बोट आईकडे वळते. ग्रहणात बाहेर गेली, अमुक खाल्ले, जड उचलले. रीलिनची गोष्ट नीट वाचलीत, तर लक्षात येईल की या आजारात दोष आईकडून जेवढा आला, तेवढाच वडिलांकडून आला. दोघेही निरोगी, दोघांनाही त्याचा पत्ता नाही. ग्रहणाचा त्यात काहीही संबंध नाही. गर्भारपणात दारू किंवा काही विषाणूंचा संसर्ग यांनी मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो हे खरे. म्हणूनच कारण घरात बसून ठरवू नका, तपासणीने ठरवा.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. नात्यातल्या दोघांकडे एकच लपलेला दोष असण्याची शक्यता जास्त असते. अशा आजारात प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. नात्यात लग्न झाले असेल, किंवा आधीच्या मुलाला असा आजार असेल, तर पुढच्या गरोदरपणाच्या आधीच जनुकीय सल्लागाराला भेटा. कुटुंबातला नेमका दोष आधी सापडला असेल, तर गर्भाची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत किंवा १५ आठवड्यांनंतर करता येते.

तिसरी गोष्ट, मुलाला फिट येत असेल तर औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. फिजिओथेरपी आणि गिळण्याचे-बोलण्याचे प्रशिक्षण लवकर सुरू करा. मजले बदलता येत नसले, तरी त्या घरात राहणे सुसह्य करता येते, आणि त्या मुलाच्या दृष्टीने ती लहान गोष्ट नाही.

आणि 'उंदरांवर सिद्ध झालेले' काहीही विकत घेण्याआधी तीन प्रश्न विचारा : कोणत्या वयाच्या उंदरावर, मेंदूच्या कोणत्या भागात, आणि माणसांत काय दिसले? विकणाऱ्याला उत्तर देता आले नाही, तर पैसे खिशातच ठेवा.