अफवा खऱ्या का वाटतात?

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा गावाचा आठवडी बाजार. मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. मूल कोणाचेच पळवले गेले नव्हते.

अफवेवर अडाणी माणसेच विश्वास ठेवतात, असे आपण सहज म्हणून जातो. ते खरे नाही. त्यामागची कारणे समजून घेऊ.

भीती : विषय जिव्हाळ्याचा आणि खात्रीची माहिती तोकडी असेल, तिथे अफवा फोफावते, असे ऑलपोर्ट आणि पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी 1947 मध्ये मांडले. आपल्या जालना जिल्ह्यातून अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मागे नातवंडे सांभाळणाऱ्या आजीला ‘टोळी आली’ हा मेसेज खोटा कसा वाटेल?

पुनरावृत्ती : तीच गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडली की ती खरी वाटू लागते. 1977 मध्ये अमेरिकेतील प्रयोगात हे दिसले. एकच मेसेज चार ग्रुपवर आला की आपण त्याला चार पुरावे समजतो. मूळ मात्र एकच असते.

ओळखीचा माणूस : मेसेज भाच्याने पाठवलेला असतो, म्हणून आपण तपासत नाही. त्या काळात भारतभर फिरलेला ‘अपहरणाचा’ एक व्हिडिओ मुळात कराचीतील बालसुरक्षेची जाहिरात होती. शेवटचा खुलासा कापून तो पसरवला गेला.

पूर्वग्रह : अफवा बळी कोणाचा घेते, हे जातव्यवस्था ठरवते. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. 1952 मध्ये कायदा गेला, पण नजर बदलली नाही. पालावरचा माणूस आजही आधी संशयित असतो.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पण मनाला मर्यादा आपणच घालायची आहे. केवळ ऐकीव आहे म्हणून काही स्वीकारू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते.

म्हणून मेसेज आला की पाठवणाऱ्याला विचारू या : तुम्ही स्वतः पाहिले का? कधी, कुठे? संशय असेल तर पोलीस पाटलांना सांगू या, 112 वर फोन करू या. आणि घाबरलेल्या आजीला हसू नका. तिच्याजवळ बसून खरी माहिती सांगा. हसलो, तर ती पुढच्या वेळी आपल्याला विचारणारच नाही.