कौल, हर्राशी आणि जाहीर प्रगटन : मराठवाड्यातील बाजाराच्या जागेचा इतिहास

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिणेला बालाघाटच्या डोंगराळ अंगाला वसलेल्या राणीसावरगावासारख्या मोठ्या खेड्यांचा व्यापारी इतिहास लिहावयाचा झाल्यास इमारतींपासून सुरुवात करून चालत नाही. कारण अशा गावांत व्यापाराची जागा ही दीर्घकाळ मोकळीच राहिली असून, आठवड्यातून एक दिवस ती बाजारतळ होते आणि उरलेले दिवस तिला किंमत नसते. त्या जमिनीला मोल येते ते अमुक वारी येथे बाजार भरेल असे कोणीतरी अधिकाराने सांगितले आणि भोवतालच्या गावांनी ते मानले म्हणून. मराठवाड्यातील पेठा, गंज, मोंढे आणि बाजार समित्यांची आवारे यांचा मागील तीन-साडेतीनशे वर्षांचा प्रवास पाहिला, तर व्यापारी जागेची किंमत ठरविणारी खरी गोष्ट बांधकाम किंवा मालकी नसून जाहीर करण्याचा अधिकार ही आहे, असे दिसते. हा अधिकार ज्याच्या हाती गेला, त्याच्याकडे बाजाराचे उत्पन्नही गेले.

मराठा आणि मोगल अमदानीत नवी पेठ वसविण्याचे साधन म्हणजे कौल, म्हणजेच सरकारने वाणी, उदमी आणि कारागीर यांना दिलेले लेखी अभयपत्र. त्यात घरे व दुकाने बांधण्यास जागा, ठराविक वर्षांपर्यंत जकातीची आणि मोहतर्फ्याची माफी, वेठबेगारीतून सुटका आणि माफीची मुदत संपल्यावर आकारावयाचा दर यांचा तपशील असे. मोहतर्फा म्हणजे शेतीखेरीज अन्य धंद्यांवर, दुकानांवर आणि मागांवर बसविलेला कर. पेठेचा कारभार शेटे आणि महाजन या दोन वतनदारांकडे असे. शेट्याने येणाऱ्या उदम्यांना जागा नेमून द्यावयाची आणि पेठेची वस्ती वाढवावयाची, महाजनाने व्यवहारावर नजर ठेवावयाची, आणि दोघांनीही त्याबद्दल दुकानांकडून शेव-फसकी, म्हणजे मालातून मूठ-पसा, हक्काने घ्यावयाची, अशी ही व्यवस्था होती. आजच्या भाषेत शेटे हा जागा विकसित करणारा आणि भाडे वसूल करणारा असा दुहेरी माणूस ठरतो. फरक एवढाच की त्याला जमिनीची मालकी नव्हे तर वस्तीच्या वाढीतला वाटा मिळे, आणि पेठ ओस पडली की त्याचे वतनही कागदावर उरे. पुण्याच्या पेठा याच रीतीने वाढल्या. मलिक अंबरने 1610 मध्ये वसविलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, तेव्हा तेथे जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा असे पुरे मोगल चाकरीतील रजपूत सरदारांच्या नावांनी उभे राहिले. त्या शहरात वस्तीचा आरंभ व्यापाऱ्यांपेक्षा छावण्यांनी झाला आणि बाजार छावणीमागून आला.

निजामाच्या राज्यात, विशेषतः दिवाण पहिला सालारजंग याच्या सुधारणांनंतर, हे चित्र बदलले. 1865 च्या जिलाबंदीने, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत पद्धतशीर विभागणी करून पगारी अधिकारी नेमण्याच्या व्यवस्थेने, वतनदारांचे महत्त्व कमी होऊन तहसील कचेरीचे वाढले. बाजारतळावर बसणाऱ्याकडून घेतल्या जाणाऱ्या तहबाजारीची वसुली गुत्त्याने देण्याची रीत मात्र राहिली. गुत्ता म्हणजे ठरावीक रक्कम सरकारात भरून वसुलीचा हक्क घेणे, आणि हा हक्क हर्राशीत, म्हणजे जाहीर लिलावात, सर्वांत जास्त बोली लावणाऱ्यास मिळे. हर्राशीची बातमी गावात दवंडीने पोहोचे आणि वरिष्ठ पातळीवरील फर्माने, कायदे व जाहिराती ‘जरीदा’ या सरकारी राजपत्रात उर्दूत छापून येत. येथे एक अडचण नोंदविण्याजोगी आहे : गंगाखेड-परभणीकडील शेतकरी आणि लहान दुकानदार मराठी बोलणारा, आणि कचेरीचा कागद उर्दूत, त्यामुळे जो दोन्ही वाचू शकतो त्याच्याकडे, मग तो पटवारी असो, वकील असो वा सावकार, जागेच्या बातमीचा मक्ताच येत असे. बाजाराच्या जागेत आरंभीचा नफा अनेकदा भांडवलापेक्षा या आगाऊ माहितीने मिळवून दिला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

माहिती आणि जागेची किंमत यांचे नाते याच काळात मुंबईत अधिक नाट्यमय रूपात दिसले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 पासून इंग्लंडला हिंदुस्थानी कापसाची निकड भासली, मुंबईत पैशाचा पूर आला आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीसारख्या मंडळ्यांचे भाग दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. 1865 मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली आणि अजून पाण्याखालीच असलेल्या त्या जमिनीचे मोल कोसळले. वऱ्हाडात आणि पुढे मराठवाड्यात कापसाने जी बाजारपेठ घडविली तिचा पाया मात्र इतका हवेत नव्हता.

मराठवाड्यात खरा बदल रेल्वेने घडविला. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग 1900-1901 मध्ये नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, जालना आणि औरंगाबाद यांना जोडत मनमाडपर्यंत पोहोचला, आणि मनमाडहून मुंबईचा रस्ता खुला झाला. दक्षिणेकडे बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी 1911 मध्ये लातूरला आली. परभणीहून गंगाखेडमार्गे परळीकडे जाणारा फाटा त्यानंतर, 1930 च्या आगेमागे, तयार झाला. या मार्गांनी गावांची उतरंड नव्याने लावली. जी गावे घाटवाटांवर, देवस्थानांपाशी किंवा परगण्याच्या ठाण्याजवळ म्हणून मोठी होती त्यांच्यापेक्षा स्टेशनाजवळची गावे पुढे गेली. रेणुकादेवीच्या देवस्थानामुळे भोवतालच्या गावांना परिचित असलेले राणीसावरगाव लोहमार्गापासून दूर राहिले. त्यामुळे तेथील माल बैलगाडीने खाली गंगाखेडला किंवा पुढे परभणीला न्यावा लागे, आणि गावाच्या वाट्याला ठोक व्यापार न येता आठवडी बाजार तेवढा राहिला.

स्टेशन आणि जुने गाव यांच्या दरम्यान जी मोकळी जमीन होती तिच्यावर मोंढा उभा राहिला. मराठवाड्यात मोंढा म्हणजे धान्याची आणि कापसाची ठोक बाजारपेठ, आणि नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद यांपैकी क्वचितच एखाद्या शहरातील माणसाला जुना मोंढा आणि नवा मोंढा हा भेद समजावून सांगावा लागेल. मोंढ्याची रचना कामाला धरून असते : मध्ये गाड्या सोडण्यास व ढीग घालण्यास रुंद अंगण, चारी बाजूंना आडत दुकानांची ओळ, प्रत्येक दुकानासमोर उंच ओटा, दुकानामागे गोदाम, आणि वर किंवा मागे आडत्याचे राहते घर. आडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल आपल्या दुकानी उतरवून घेऊन तो खरेदीदारास विकून देणारा व त्याबद्दल आडत घेणारा मध्यस्थ. तोच पेरणीला उचल देई, मुक्कामाला ओसरी देई आणि हिशेबाची पट्टी लिहून देई. साहजिकच मोंढ्यातील दुकानाची किंमत त्याच्या चौरस फुटांवरून ठरत नसे. अंगणाच्या कोणत्या बाजूला गाड्या प्रथम थांबतात, ओट्यासमोर किती ढीग मावतात आणि दुकानाच्या नावावर कोणत्या खेड्यांतील किती कुळे येतात, यांवर ती ठरे, आणि दुकान हस्तांतरित होताना कुळांची ही वही भिंतींहून महाग पडे.

भाव ठरविण्याची जुनी रीत हत्त्याची होती. दलाल आणि खरेदीदार धोतराच्या सोग्याखाली किंवा रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून आकडा कळवीत आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहूनही अंधारात राही. शिवाय कडता, धर्मादाय, हमाली, तोलाई अशा नावांनी पट्टीतून कपात होई. या गुप्ततेविरुद्धची पहिली कायदेशीर चौकट वऱ्हाडात आली. वऱ्हाड तेव्हा नावाने निजामाचे परंतु कारभाराने इंग्रज रेसिडेंटाचे होते, आणि रेसिडेन्सीच्या हुकमाने 1886 मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, जो देशातील या प्रकारचा पहिला मानला जातो. त्यानंतर 1897 मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. निजामाच्या प्रत्यक्ष मुलखात असा कायदा येण्यास आणखी तीन दशके गेली. तो 1339 फसलीचा, म्हणजे 1930 चा, हैदराबाद कृषी बाजार कायदा होय. फसली हे हैदराबादच्या महसुली कारभाराचे वर्ष, त्यात साधारणपणे 590 मिळविले की इसवी सन येतो. या कायद्यांचा हेतू वजन, कपात आणि लिलाव उघड करण्याचा होता, परंतु जागेच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यांचा दुसरा परिणाम अधिक टिकाऊ ठरला : सरकारी जाहिरातीने ज्या हद्दीला बाजार म्हटले तोच बाजार झाला, तिच्याबाहेरील गोदाम कितीही मोठे असले तरी ते नुसते गोदाम राहिले.

मोंढ्याच्या पलीकडे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. सरकी काढणारी जिन आणि रुईच्या गाठी बांधणारी प्रेस यांना कापूस वाळवून ठेवण्यासाठी अनेक एकरांचे पटांगण लागे आणि काम वर्षातील काही महिनेच चाले. वऱ्हाड-खानदेशात तर कारखाने इतके झाले की मालकांनी आपसांत करार करून काही कारखाने बंद ठेवावयाचे आणि चालू कारखान्यांच्या उत्पन्नातून बंद मालकांना वाटा द्यावयाचा, अशी पद्धत रूढ झाली. बंद इमारतीनेही मालकाला उत्पन्न द्यावे, हा व्यापारी मालमत्तेच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकार म्हणावा लागेल. ही पटांगणे पुढे वेगळ्याच कारणाने मोलाची ठरली. 1971 च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, खासगी खरेदीदाराला कापसाच्या व्यवहारातून बाहेर व्हावे लागले, आणि शहरे वाढून स्टेशनाजवळच्या या जागा मध्यवस्तीत आल्यावर त्यांपैकी अनेकींवर व्यापारी संकुले उभी राहिली. परप्रांतीय पाहुण्यास दुकानांच्या रांगेला जिनिंगचे नाव का, असा प्रश्न पडतो तो यामुळे.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, ऑगस्ट 1949 मध्ये जहागिरी संपुष्टात आल्या आणि जहागिरी गावांतील बाजारांचे उत्पन्नही जहागीरदारांच्या हातून गेले. वृत्तपत्रांच्या बाबतीत संस्थानी काळ अत्यंत जाचक होता, आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये काढलेल्या ‘मराठवाडा’ पत्रावर वारंवार बंदी आली आणि ते नावे बदलून निघत राहिले. मराठी छापील बातमी मोकळेपणाने घरोघर पोहोचू लागली ती सामिलीकरणानंतर, आणि तिच्याबरोबर जागेच्या जाहिरातीही आल्या.

दुकानाच्या भाड्यावर मात्र हैदराबादचा ठसा आश्चर्यकारकरीत्या दीर्घकाळ राहिला. 1954 चा हैदराबादचा भाडे नियंत्रण कायदा 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर आणि 1960 च्या महाराष्ट्र स्थापनेनंतरही मराठवाड्यात चालूच होता. त्याच काळात मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्राला 1947 चा मुंबई कायदा लागू होता, विदर्भाला तिसराच, आणि हे तिन्ही एकत्र रद्द होऊन एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला तो 31 मार्च 2000 पासून. भाडे गोठले की दुकान रिकामे करून देण्याची किंमत वाढते. ती पागडी या नावाने रोखीत फिरे, आणि नव्या कायद्याने अशी रक्कम घेण्यास मुभा देऊन जी गोष्ट सर्वांना ठाऊक होती ती कागदावर आणली. याच कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये वा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना भाडेकरू म्हणून संरक्षणातून वगळले. तालुक्याच्या गावी बँकेला जागा देण्यास मालक राजी असतो, त्यामागे बँकेच्या प्रतिष्ठेइतकेच हे कलमही आहे.

दरम्यान 1963 चा कृषी उत्पन्न पणन कायदा 1967 पासून अमलात आला आणि बाजार समिती ही तालुक्यातील मोठी जमीनधारक संस्था झाली. समितीने मुख्य आवारासाठी गावाबाहेर जमीन मिळवावयाची, लिलावाचे ओटे व गोदामे बांधावयाची आणि व्यापाऱ्यांना भूखंड किंवा गाळे दीर्घ मुदतीने द्यावयाचे, या पद्धतीने जुन्या मोंढ्यातील व्यापार नव्या मोंढ्यात गेला. जुन्या आवारातील अंगणात मग किराणा, कापड, बी-बियाणे आणि भुसारची दुकाने राहिली. समितीच्या निवडणुकीत जी चुरस दिसते तिचे मूळ केवळ शेतमालाच्या भावात शोधणे अपुरे आहे. गाळे कोणास आणि कोणत्या अटींवर मिळतात हा प्रश्नही त्यात असतो. शेतजमिनीवर दुकान बांधण्यास लागणारी अकृषिक परवानगी 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळू लागली, आणि ‘एन. ए. झालेला प्लॉट’ हे शब्द खेड्यापाड्यांत सातबाऱ्याइतके रुळले. ज्यांना ती परवानगी साधली नाही त्यांनी गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून बाँडपेपरवर विक्री केली, आणि सरकारला 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला.

जमिनीच्या व्यवहाराची सर्वांत परिचित बातमी आज वृत्तपत्राच्या आतल्या पानावर लहान अक्षरांत येते. तिला जाहीर प्रगटन म्हणतात. खरेदीदाराचा वकील जागेचा गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा देऊन कोणाचा हक्क, गहाण, वारसा वा करार असल्यास अमुक दिवसांत पुराव्यासह हरकत कळवावी असे जाहीर करतो. प्रत्येक खरेदीस कायद्याने ते सक्तीचे नाही, परंतु आपण पुरेशी चौकशी केली होती हे दाखविण्यास ते उपयोगी पडते, आणि पेठेतील वडीलधारे दुकानदार अग्रलेखाआधी हा मजकूर वाचतात, कारण कोणते दुकान निघाले, कोणाच्या भावाभावांत वाटणी चालू आहे आणि रस्ता कोणीकडे वाढणार, हे त्यातून कळते. 1 मे 2017 पासून महारेरा प्राधिकरणाचे काम सुरू झाल्यावर 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि आठांहून अधिक गाळ्यांच्या प्रकल्पाची नोंदणी विक्रीपूर्वी आवश्यक ठरली आणि व्यापारी संकुलेही त्या कक्षेत आली. तालुक्याच्या गावांतील लहान दुकानओळी आकारामुळेच बहुधा तिच्याबाहेर राहतात.

राणीसावरगावाच्या आकाराच्या गावांत या साऱ्या कायद्यांपैकी सर्वांत जवळचा आहे तो ग्रामपंचायत अधिनियम, कारण त्यातील कलम 124 ने आठवडी बाजारावर फी बसविण्याचा अधिकार पंचायतीस दिला आहे. ही फी गोळा करण्याचे काम ठेकेदारास द्यावयाचे झाल्यास पंचायत लिलावाची सूचना लावते, गावात दवंडी फिरते, इच्छुक अनामत भरतात आणि चावडीसमोर बोली लागते. पाल ठोकणारा कापडवाला, जमिनीवर पोते अंथरणारी भाजीवाली आणि बैलबाजारातील हेडी यांनी त्या वर्षी बसण्याचे किती द्यावयाचे, हे पंचायतीने ठरविलेल्या दरपत्रकात असते. बोलीचा आकडा फुगला, की दरपत्रक तेच असूनही पावतीवरील रक्कम आणि हातात घेतलेली रक्कम यांवरून बाजारतळावर वाद सुरू होतात.