लाँगबोर्ड पंपिंगसाठी ट्रकचा कोन व डेकची उंची

लाँगबोर्ड पंपिंग म्हणजे पाय जमिनीला न लावता, शरीराच्या लयबद्ध हालचालीने लाँगबोर्ड नागमोडी वळवीत पुढे नेण्याचे तंत्र होय. या तंत्राची कार्यक्षमता प्रामुख्याने पुढील व मागील ट्रकचा कोन, डेकची उंची आणि बुशिंगचा कडकपणा यांवर अवलंबून असते.

तत्त्व

झोक्यावर उभे राहून योग्य क्षणी गुडघे वाकवून व सरळ करून झोका चढवला जातो. पंपिंगमध्येही ऊर्जा स्नायूंतूनच येते. चाक पुढे सहज गडगडते, परंतु बाजूला सरकण्यास विरोध करते. वळलेल्या चाकांवर स्वाराने बाजूने दाब दिला की रस्त्याकडून येणाऱ्या प्रतिक्रियेचा काही भाग गतीच्या दिशेने कार्य करतो आणि फळी पुढे ढकलली जाते. डावीकडचे व उजवीकडचे वळण एकामागून एक घेत राहिल्यास वेग टिकतो किंवा वाढतो.

ट्रकचा कोन

ट्रक म्हणजे डेकखाली बसवलेला व चाकांची आस धरून ठेवणारा धातूचा भाग. त्याच्या फिरण्याच्या अक्षाने डेकशी केलेल्या कोनास ट्रकचा कोन म्हणतात. डेक एका बाजूस झुकली की आस वळते. आसेच्या वळणकोनाचा टॅन्जंट हा ट्रकच्या कोनाचा टॅन्जंट आणि झुकावाच्या कोनाचा साइन यांच्या गुणाकाराइतका असतो. डेक १०° झुकली असता २०° कोनाचा ट्रक सुमारे ३.६°, ५०° चा सुमारे ११.७° आणि ६०° चा सुमारे १६.७° वळतो. कोन शून्य असल्यास डेक झुकूनही आस वळत नाही.

पंपिंगसाठी साधारणतः पुढचा ट्रक अधिक कोनाचा (५०° किंवा त्याहून अधिक) आणि मागचा कमी कोनाचा (सुमारे २०° ते ३५°) ठेवतात. याचे कारण उदाहरणाने स्पष्ट होते. दोन आसांमधील अंतर ६० सेंमी असून दोन्ही ट्रक ५०° चे असल्यास, १०° झुकावाला वळणाची त्रिज्या सुमारे १४५ सेंमी येते आणि फळी तिच्या मध्यबिंदूभोवती वळते. मागचा ट्रक २०° चा केल्यास त्रिज्या सुमारे २२२ सेंमी होते आणि वळणाचा बिंदू मागच्या आसेच्या केवळ १४ सेंमी पुढे येतो. त्यामुळे पुढचे टोक डावीउजवीकडे फिरते, मागची चाके फारशी न भटकता त्याच्या मागोमाग येतात आणि मागच्या पायाला रेटा देण्यासाठी स्थिर आधार मिळतो.

ट्रक न बदलताही कोन बदलता येतो. त्यासाठी ट्रकचा तळ व डेक यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराचा तुकडा बसवतात. जाड बाजू कोणत्या दिशेला ठेवली यावर कोन वाढणे किंवा घटणे ठरते. पाचर बसवल्यावर डेक हाताने झुकवून आस पूर्वीपेक्षा अधिक वळते की कमी, हे पाहून खात्री करून घ्यावी.

डेकची उंची

ट्रकच्या वर बसवलेल्या उंच डेकवर पायांना अधिक तरफ मिळते आणि फळी सहज झुकते. ट्रक डेकमधील छिद्रातून आरपार बसवल्यास डेक खाली येते. अशी फळी अधिक स्थिर असते व पाय जमिनीला लावून ढकलणे सोपे जाते, परंतु झुकवण्यासाठी अधिक जोर लागतो. चाक डेकला घासल्यास ते एकाएकी अडून स्वार पुढे फेकला जाण्याचा धोका असतो. हे टाळण्यासाठी ट्रकखाली सपाट रायझर घालून उंची वाढवतात. रायझर किंवा पाचर घातल्यावर त्या जाडीनुसार लांब बोल्ट वापरावे लागतात.

जुळवणीचा क्रम

प्रथम कोन निश्चित करावेत, नंतर उंची व शेवटी बुशिंग ठरवावे. बुशिंग म्हणजे ट्रकमधील युरेथेनचे कडे; ते डेकला पुन्हा सरळ आणते. स्वाराचे वजन जास्त असल्यास ते अधिक कडक लागते. पुढे मऊ व मागे किंचित कडक बुशिंग ठेवण्याची पद्धत रूढ आहे. एका वेळी एकच बदल करून सपाट रस्त्यावर चाचणी घ्यावी. अनेक बदल एकदम केल्यास कोणता उपयोगी ठरला हे कळत नाही.

भूप्रदेश व सुरक्षितता

पंपिंग हे सपाट व गुळगुळीत पृष्ठभागासाठी आहे. बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण घेतल्यास, नांदुरा तालुका पूर्णा नदीच्या सखल खोऱ्यात आहे, तर मलकापूर–बुलढाणा मार्गावर राजूर घाट लागतो. सपाटीवर उपयुक्त ठरणारी जुळवणी अशा उतारावर धोकादायक असते. अधिक कोन व मऊ बुशिंग यांमुळे वेगात फळी आपोआप डावीउजवीकडे हेलकावे घेऊ लागते आणि स्वार पडू शकतो. नांदुऱ्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ सारख्या वर्दळीच्या रस्त्यावर हा सराव करू नये, कारण नागमोडी मार्गाला बरीच रुंदी लागते. वाहने नसलेले बंदिस्त पटांगण सरावास योग्य होय. सरावाच्या वेळी शिरस्त्राण, तसेच गुडघे, कोपरे व मनगटांची संरक्षक साधने वापरणे आवश्यक आहे.