लीळाचरित्रांतील संवाद व रॉजर्स यांची मानसोपचारपद्धति

महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकांस यवतमाळ हें नांव अपरिचित नाहीं. कै. य. खु. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ 1925 सालीं येथूनच प्रसिद्ध झाला. या वाङ्मयांतील जीवोद्धार व मानवतावादी मानसोपचारांतील आत्मविकास हे एकच होत, असें म्हणण्याचा मोह सहज होतो. तो कितपत ग्राह्य आहे, हें पाहूं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (1902–1987) हे प्रथम धर्मशिक्षण घेत होते. पुढें ते मानसशास्त्राकडे वळले. उपचारकानें उपदेश न करितां निष्कपटपणें, विनाअट आदरानें व समानुभूतीनें ऐकावें, म्हणजे मनुष्याच्या ठायीं मूळचीच असलेली वाढीची प्रवृत्ति मोकळी होते, असें त्यांचें मत. 1942 च्या ग्रंथांत त्यांनीं एका व्यक्तीशीं झालेल्या आठ बैठकींतील ध्वनिमुद्रित संभाषण सविस्तर छापलें.

येथें म्हाइंभटांचें स्मरण होतें. तेराव्या शतकांत, श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर, त्यांनीं प्रसंगांच्या साक्षीदारांकडून आठवणी मिळविल्या व नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. त्यामुळें लीळाचरित्रांत केवळ उत्तरें नाहींत. महदाइसाही आपल्या शंकांसह तेथें उभी आहे.

परंतु साम्य येथेंच संपतें. महानुभाव मतें जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व भिन्न. जीव अनादि अविद्येनें बद्ध असून मुक्तिदाता एक परमेश्वरच. जीवाच्या अंगभूत वाढीवरील रॉजर्स यांचा भरंवसा या मतांत बसत नाहीं. वक्ता व श्रोता यांची समताही नाहीं. 1957 सालीं यहुदी तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनीं रॉजर्स यांच्याशीं झालेल्या जाहीर संवादांत, साह्य मागणारा व देणारा यांची स्थिति समान नसते, असाच आक्षेप घेतला होता. सिद्धान्त भिन्न, श्रवणाची निष्ठा मात्र सारखी, असा आमचा निर्णय आहे.

यांतून संग्राहकांचें एक कर्तव्य निघतें. सूत्रपाठांत वचन राहतें. ज्याच्या दुःखावर तें उच्चारलें गेलें, तो मनुष्य गळतो. तें वचन कोणास, कोठें व कोणत्या प्रसंगीं सांगितलें, हें ‘प्रकरणवश’ या ग्रंथप्रकारांत मिळतें. आमच्या जिल्ह्यांत कोणास अशी पोथी आढळल्यास, ती सकळ लिपींत असली तरीही, केवळ सूत्रें उतरून घेऊन बाजूस ठेवूं नये. पृच्छकाचें नांव, प्रसंग व पाठभेद यांसह तिची संपूर्ण नक्कल करावी. पृच्छक हरवला, तर उत्तराचा अर्थही अर्धा हरवतो.