आतड्यांचे दाहक विकार, विषनिवारक विकरे आणि आनुवंशिकता : एक ऐतिहासिक मागोवा

आतड्यांच्या दाहक विकारांवरील औषधांचा इतिहास आणि त्यांच्या आनुवंशिकतेचा इतिहास सहसा वेगवेगळे लिहिले जातात. शरीरात शिरलेल्या परक्या द्रव्यांचा निचरा करणाऱ्या विकरांचा विचार केला, तर मात्र हे दोन्ही प्रवाह सल्फासलाझीन या औषधापाशी एकत्र येतात.

स्वीडनमधील वैद्य नाना स्वार्त्झ यांनी हे औषध मुळात संधिवातासाठी योजिले होते. (या 'नाना' स्त्री होत, हे मराठी वाचकास मुद्दाम सांगावयास हवे.) अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांनाही त्याचा गुण येतो, हे त्यांच्या ध्यानात आले व १९४२ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. औषध उपयोगी होते. परंतु काही रुग्णांना त्याने मळमळ व डोकेदुखी जडे, तर तेवढीच मात्रा इतरांना सहज सोसे.

या कोड्याचा उलगडा क्षयरोगाच्या अभ्यासातून झाला. १९५२ पासून वापरात आलेले आयसोनायझिड काहींच्या शरीरातून लवकर, तर काहींच्या शरीरातून सावकाश नाहीसे होते आणि हा भेद आनुवंशिक असतो, हे १९६० पर्यंत सिद्ध झाले होते. भेद होता तो यकृतातील ॲसिटिलीकरण करणाऱ्या विकराचा. सल्फासलाझीन मोठ्या आतड्यातील जिवाणूंकडून दुभंगते आणि त्यातून सुटलेले सल्फापिरिडीन याच विकराच्या वाट्याला येते. मंद गटातील रुग्णांच्या रक्तात ते अधिक साठते व त्रासही त्यांनाच अधिक होतो, असे के. एम. दास व त्यांच्या एडिंबरा येथील सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखविले. पुढे १९७७ मध्ये ऑक्सफर्ड येथील आझाद खान, पायरिस व ट्रूलव्ह यांनी गुणकारी भाग दुसराच, म्हणजे ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल, असल्याचे सिद्ध केले. त्रास देणारा भाग केवळ वाहक ठरला!

येथून पुढे तर्काने उडी घेतली. जे विकर औषधाचा त्रास ठरविते, ते रोगाचा धोकाही ठरवीत असेल, या अनुमानातून ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज आदी विकरांची जनुके तपासली गेली. निष्कर्ष परस्परविरोधी आले. २००१ मध्ये क्रोन रोगाशी निगडित म्हणून पुढे आलेले नॉड-२ हे जनुक जिवाणूंची ओळख पटविणारे होते, विषनिवारणाचे नव्हे. रोगाच्या धोक्याबाबत विकरांचा दावा दुबळा पडला. औषध सोसण्याबाबतचा मात्र बळावत गेला. कोरियातील क्रोन रुग्णांच्या २०१४ मधील अभ्यासात, एनयूडीटी-१५ जनुकातील भेद असल्यास थायोप्युरीन औषधांनी श्वेतपेशी धोकादायक प्रमाणात घटतात, असे आढळले. युरोपीय रुग्णांत महत्त्वाचे ठरलेले टीपीएमटी जनुकाचे भेद आशियात तुलनेने विरळ आहेत. एनयूडीटी-१५चा भेद भारतीयांतही आढळतो आणि केवळ टीपीएमटीची चाचणी केल्यास तो नजरेआड राहतो.