जुन्या यंत्राची डागडुजी

मुंबई इलाख्याचे १९०३ ते १९०७ या काळातील गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव ज्यास मिळाले, आणि पुढे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नामांतर होऊनही जो लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच राहिला, त्या ग्रँट रोड स्थानकानजीकच्या रस्त्यावर गत शतकाच्या अखेरच्या दशकात सुटे भाग जोडून संगणक सिद्ध करण्याचा व्यवसाय भरभराटीस आला. जुने यंत्र सुधारावे की नवे घ्यावे, हा तेथील गिऱ्हाइकांचा नित्याचा पेच.

ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ला किमान ४ मेगाबाइट रॅम पुरे असे म्हणत. पण तेवढ्यावर यंत्र कसेबसे रांगे, सबब रॅम वाढविणे हीच किफायतशीर तजवीज ठरे. प्रोसेसरची गोष्ट निराळी. १९९३चा पेंटियम आधीच्या ४८६ प्रोसेसरच्या मदरबोर्डवर बसत नसे. इंटेलने १९९५ मध्ये ओव्हरड्राइव्ह चिप काढून ती सोय केली खरी, परंतु बोर्डाची मूळची संथ गती कायम राहिल्याने अस्सल पेंटियमची बरोबरी तिला साधली नाही. मदरबोर्डाचा त्याच वर्षीचा एटीएक्स आकार पुढे रूढ झाल्यावर तर मदरबोर्डाबरोबर कॅबिनेट आणि पॉवर सप्लायही बदलणे आले. मग जुने म्हणून उरे ते काय, तर मॉनिटर नि हार्ड डिस्क! रॅमपलीकडे खर्च जाऊ लागला की नवे यंत्र घेणारेच, माझ्या मते, हिशेबी होते.