मास्तरीण आणि तिची खुर्ची

बारामती-इंदापूर भागातल्या शाळांत मी उमर घालवली. भिंतीवर सावित्रीबाईंची तसबीर, खाली मुख्याध्यापकांच्या नावांचा फलक; फलकावर बहुतेक पुरुषच. १८४८ साली पुण्यात सुरू झालेल्या परंपरेचा हाच का हिशेब? बाईने पहिलीची पोरे सांभाळावीत, शाळेचा कारभार मास्तरांनी पाहावा, असा आपल्याकडचा अलिखित कायदा.

दलित बाईला तर आधी वर्गात उभे राहण्यासाठीच झगडावे लागले. नागपूरच्या जाईबाई चौधरी हमाली करीत, ओझी वाहत. मिस ग्रेगरी या मिशनरी बाईंनी त्यांना मिशनच्या शाळेत दरमहा चार रुपयांवर शिक्षिका नेमले. अस्पृश्य बाई शिकवते म्हणताच सवर्णांनी आपली मुले काढून घेतली. नोकरी गेली. पुढे १९२२ साली जाईबाईंनी नागपुरातच चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली.

आता जवळचे पाहू. बारामतीच्या शारदाबाई पवार १९३८ साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. शाळा चालवणाऱ्या बोर्डात बाई बसली, पण ती दलित नव्हती. इंदापूरला लागूनच सोलापूर जिल्हा. तिथल्या महूदच्या शांताबाई कांबळे १९४२ साली सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या आणि १९५७ साली जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी. म्हणजे मास्तरांचे दप्तर आता महाराची लेक तपासणार! त्यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली, म्हणून हे आपल्याला ठाऊक.

ज्यांनी लिहिले नाही त्यांची नावे सेवापुस्तकांत पडून आहेत. इंदापूर तालुक्यातली मी उतरवायला घेतली आहेत.